पाच वाजताचं जेवण

"व्हेज काय, कुठेही मिळतं रे!"

हे वाक्य मी आजवर किमान शंभर वेळा तरी टाकलं असेल. आम्ही पडलो मालवणी. समुद्र म्हटला की माझ्या डोळ्यासमोर आधी ताट येतं, लाटा नंतर. त्यामुळे आमच्या नऊ जणांच्या कंपूचं बीचवर जायचं ठरलं की जेवणाचं खातं आपोआप माझ्याकडे, आणि माझं प्लॅनिंग म्हणजे सुरमई की पापलेट एवढंच. तिघं शाकाहारी आहेत. त्यांचं काय? वरचं वाक्य.

तर झालं असं की डिसेंबर 2024 मध्ये आम्ही काशिदला गेलो होतो. दुपारच्या व्हेज थाळीत बटाट्याची भाजी, कांदा घातलेली उसळ आणि लसणाची फोडणी दिलेली आमटी. रात्रीची ताटं आली साडेनऊला. आमचा बारामतीकर म्हणाला, "पोट भरलंय, तुम्ही घ्या." आम्ही घेतलं. मी तर त्याच्या वाटणीची सोलकढीही घेतली. दुसऱ्या दिवशी काच पुसायला फडकं शोधताना त्याच्या सीटखाली बिस्किटांचे तीन रिकामे पुडे सापडले.

बारामतीकर जैन आहे हे आम्हाला आठ वर्षं माहीत आहे. म्हणजे जेवढं माहीत असून उपयोग नाही, तेवढं.

या जानेवारीत नागावचं ठरलं तेव्हा म्हटलं, यंदा व्हेज मी बघणार. ग्रुपवर हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडला. मी मात्र रात्री एक्सेल उघडून बसलो. उभ्या रांगेत पदार्थ, आडव्या रांगेत नियम. कांदा-लसूण नाही, बटाटा-रताळं नाही, इथपर्यंत सोपं होतं. मग नेटवर वाचत गेलो आणि एकेक पदार्थ गळायला लागला. ओलं आलं हे कंद, म्हणजे बाद. सुंठ चालते. काही जण मोड आलेली कडधान्यं खात नाहीत, उसळ बाद. थालीपीठ बिनकांद्याचं करू म्हटलं, तर भाजणीत डाळी, सोबत दही, आणि कच्चं दही डाळीबरोबर चालत नाही. आई म्हणाली दशम्या कर, दुधात भिजवल्या की टिकतात. पण आदल्या रात्रीची ओलसर पोळी काही घरांत शिळी म्हणून बाद. रात्री दोन वाजता शीट जवळजवळ लाल झाली होती.

सकाळी डोक्यात प्रकाश पडला. च्यायला, ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला फोन का करत नाही आपण?

"अरे, तू नक्की काय काय खात नाहीस?"

पलीकडे जरा शांतता. "का रे? ग्रुपमधून काढताय का मला?"

सगळं सांगायला त्याला तीन मिनिटं लागली. कंदमुळं नाहीत, कांदा-लसूण नाही. दही-डाळीचं आई पाळते, तो नाही. प्रवासात आदल्या दिवशीचं चालतं. "पण सूर्यास्तानंतर जेवत नाही. आजी गेली तेव्हापासून. पाणी घेतो."

"मग टीम डिनरला काय करतोस?"

"सूप मागवतो आणि चमचा हलवत बसतो. तुम्ही बोलत असता, कोणाचं लक्ष नसतं."

"अरे मग बोलायचं ना आधी!"

"पहिल्याच ट्रिपला बोललो होतो. तू म्हणालास, व्हेज काय, कुठेही मिळतं."

यावर काय बोलणार? फोन ठेवला आणि ग्रुपवर टाकलं: शनिवारी मुख्य जेवण संध्याकाळी पाच वाजता, सगळ्यांचं, सगळं व्हेज. ज्यांना मासे हवेत त्यांना रात्री नऊला मिळतील.

मग जो दंगा झाला! "पाचला जेवायला हॉस्पिटल आहे का?" "एकासाठी आठ जणांनी?" आणि सगळ्यात वाईट म्हणजे खुद्द बारामतीकर, "माझ्यासाठी बदलू नको रे, मी थेपले आणतो." दुसरं कोणी चिडलं असतं तर भांडता आलं असतं. मी लिहिलं, "थेपले आणच. पण जेवण पाचलाच. आणि मेन्यू पोपटी." पोपटी म्हटल्यावर निम्मा विरोध मावळला.

माहीत नसेल त्यांच्यासाठी, पोपटी ही अलिबागकडची हिवाळ्यातली खासियत. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा, वर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ. पाण्याचा आणि तेलाचा थेंबही नाही. तोंड पाल्यानेच गच्च बंद करायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. शेंगा स्वतःच्याच वाफेवर शिजतात. लोक त्यात अंडी, कोंबडी, बटाटे घालतात. आम्ही बटाट्याच्या जागी कच्ची केळी घातली.

तारखेचं नशीब चांगलं होतं. 3 जानेवारी 2026, शनिवार, पौष पौर्णिमा. कोकणातला जुना हिशोब असा, की तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी ओहोटी, म्हणजे पाचच्या सुमारास किनारा सगळ्यात रुंद आणि वाळू टणक. ओहोटीला पाण्यात कोणी उतरायचं नाही, हे आधीच बजावलं होतं, त्यामुळे साडेतीनपासून क्रिकेट. सूर्यास्त सहा वाजून दहा-बारा मिनिटांनी. म्हणजे हातात एक तास.

ज्यांच्या वाडीत उतरलो होतो त्या काकांना दुपारी पोपटी लावायची म्हटलं तर ते बघतच राहिले. "पोपटी रातची लावतात भाऊ." कारण सांगितलं. काही न बोलता उठले आणि कोरं मडकं काढून दिलं. "कालच्यात कोंबडी शिजली होती," म्हणाले. माझ्या शीटमध्ये हा रकानाच नव्हता.

अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, म्हणजे तयार. तीन किलो शेंगा, साठ थेपले, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, मीठ लावलेले पेरू, शहाळी. सगळं उचलून किनाऱ्यावर नेलं. "पाचला कोण जेवतं" म्हणणारे दीड तास बॉलमागे धावून आले होते. पावणेसहाला मडक्यात फक्त पाला उरला होता. बारामतीकर शेवटपर्यंत शेंगा सोलत होता आणि कोणीतरी दर पाच मिनिटांनी त्याला ओरडून वेळ सांगत होतं.

चुका झाल्याच. चिवडा उघडा ठेवला, तो सादळला. चटणी पसरट डब्यात नेली, वारा सुटला आणि निम्मी वाळूची चटणी झाली. पुढच्या वेळी फिरकीच्या झाकणाची बरणी, आणि बसायला चादरीऐवजी ताडपत्री.

रात्री नऊला सुरमई आली. बारामतीकर आमच्याबरोबर बसला होता, समोर पाण्याचा ग्लास. हलवायला चमचा मागवला नाही त्याने.

असो. आता पुढच्या ट्रिपचं चाललंय. जेवणाचं खातं बारामतीकरने मागून घेतलंय. काल त्याचा फोन आला होता, "सुरमई तळलेली लागते की कालवण, एकदा नीट सांग. मला काही कळत नाही त्यातलं." :)