फेरफार

आजोबा गेल्यावर कित्येक वर्षं सातबाऱ्यावर त्यांचंच नाव होतं. घराला ठाऊक, गावाला ठाऊक. तलाठ्याला कळवून फेरफार मात्र कुणी करून घेतलाच नव्हता. परवा रात्री लॅपटॉपची डिस्क भरली आणि मला तो सातबारा आठवला.

त्या लॅपटॉपवर एक व्हर्च्युअल मशीन नांदतं. लॅपटॉपच्या पोटात दुसरा, लटका संगणक. त्याची ६० जीबीची डिस्क म्हणजे माझ्याकडची एक क्यूकाउ-टू फाइल, लागेल तशी वाढणारी. संपलेल्या एका प्रोजेक्टचे डेटाबेस, लॉग, सगळं मी आत जाऊन पुसलं होतं. आत विचारलं तर वापरात १२ जीबी. बाहेर फाइल ४१ जीबीची, ढिम्म.

पुसणं म्हणजे आतल्या फाइल सिस्टीमनं स्वतःच्या वहीत 'हा गाळा रिकामा' असं लिहिणं, एवढंच. ती वही बाहेरच्याला वाचता येत नाही. त्याच्या लेखी एकदा दिलेली जागा दिलेलीच.

घाईत मी जुना उपाय केला: रिकाम्या जागेत शून्यं भरायची, मग फाइलची नवी प्रत काढायची; शून्यं प्रतीत उतरत नाहीत. उपाय खरा आहे. पण शून्य लिहिणं हेही लिहिणंच! जागा सोडवायला निघालेली फाइल फुगत गेली, बाहेर उरलेले १५ जीबीही तिनं गिळले आणि मशीन जागच्या जागी थिजलं. लग्नाचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर हलवले तेव्हा कुठे ते हललं.

मग शून्यांचा ढीग पुसला, मशीन बंद केलं, डिस्कच्या सेटिंगमध्ये डिसकार्ड 'अनमॅप' केलं आणि पुन्हा आत जाऊन 'एफएसट्रिम' चालवलं. ही आज्ञा काहीच भरत नाही. कोणते गाळे रिकामे, ते बाहेर कळवते. हाच तो फेरफार. व्हर्टआयओ-ब्लॉक प्रकारच्या लटक्या डिस्कला हा निरोप पोचवायची सोय २०१९ साली आली. उबुंटू तर आठवड्यातून एकदा आपणहून निरोप धाडतं. माझ्याकडे बाहेरचं दारच बंद होतं. (स्नॅपशॉटनं, म्हणजे डिस्कच्या जपून ठेवलेल्या जुन्या अवस्थेनं, धरलेली जागा मात्र अशी सुटत नाही. तो भाऊबंदकीचा खटला वेगळा.)

काही सेकंदांत काम झालं. बाहेर 'एलएस' या आज्ञेला विचारलं तर फाइल अजून ५६ जीबीची. ते लांबी सांगतं, मधल्या भोकांसकट. प्रत्यक्ष अडलेली जागा 'डीयू' मोजतं. ते म्हणालं, १३.