एम-थ्री आणि २९वी लेव्हल

मराठी विभागात माझं नाव बघून आमच्या मजल्यावर हशा पिकणार हे मला माहीत आहे. बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे एकोणसाठ की एकोणसत्तर हा घोळ अजून सुटलेला नाही. (म्हणून या लेखात आकडे आकड्यांतच लिहिलेत!) पण हा लेख आईला वाचून दाखवायचाय, तेव्हा मराठीला पर्याय नाही. कारण विषय आहे व्हिडिओ गेम, आणि "अगं, डोळेही जातील आणि वर्षही जाईल" हे आईचं त्यावरचं ठाम मत आहे.

तर टेट्रिस. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून-सरकवून आडवी ओळ भरायची, भरली की ती नाहीशी होते. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी हा गेम बनवला. आपल्याकडे जत्रेत मिळणारा हातातला ब्रिक गेम म्हणजे त्याचाच गरीब भाऊ. माझ्या चुलत दादाकडे होता, आणि सुट्टीत त्यावरून आमची मारामारी व्हायची. पण जगभरात स्पर्धा होतात त्या मुख्यतः निन्टेन्डोच्या १९८९ च्या टेट्रिसवर.

या टेट्रिसला शेवट नाही, फक्त वेग वाढत जातो. २९व्या लेव्हलला ठोकळा दर फ्रेमला एक घर खाली येतो. सेकंदाला साधारण ६० फ्रेम आणि उंची २० घरं, म्हणजे वरून खाली यायला सेकंदाचा एक तृतीयांश. बटण दाबून धरलं तर ठोकळा बाजूला सरकतो सेकंदाला जेमतेम १० घरं, तेही सुरुवातीला थोडं थांबून. गणित सरळ आहे, कडेला पोचायच्या आत तो तळाशी बसलेला असतो. म्हणून वर्षानुवर्षं सगळे म्हणत होते, गेम इथे संपला.

जोनास न्यूबाउअर हा बटण दाबून धरणाऱ्या पद्धतीचा बादशहा. २०१० मध्ये जागतिक स्पर्धा सुरू झाली, त्यानंतर त्याने ती ७ वेळा जिंकली. २०१८ च्या फायनलला त्याला जोसेफ सेली नावाच्या १६ वर्षांच्या मुलाने हरवलं. सेली बटण धरून ठेवत नव्हता, अंगठा थरथरवत भराभर टॅप करत होता. पुढे आणखी एक युक्ती निघाली. अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवायचा आणि कंट्रोलरच्या पाठीवर दुसऱ्या हाताची बोटं एकामागोमाग आपटायची, तबल्यासारखी. त्याला रोलिंग म्हणतात. यानंतर २९वी लेव्हल भिंत राहिलीच नाही. २१ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा १३ वर्षांचा विलिस गिब्सन १५७व्या लेव्हलला पोचला आणि गेमच गोठला. गेम हरला हो, मुलगा नाही! त्याआधी रंग इतके बिघडतात की काही लेव्हल्सना ठोकळे जवळजवळ दिसतच नाहीत. आणि २०२४ मध्ये मायकेल आर्टिआगाने, गोठू नये म्हणून बदललेल्या गेमवर, २५५ ओलांडून पुन्हा ० लेव्हल गाठली.

आता "प्रयत्नांती परमेश्वर" असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण मला ते पटत नाही. प्रयत्न न्यूबाउअरनेही कमी केले नव्हते. शेजारच्या खोलीत रोज रात्री ३ तास बीजीएमआय चालतं, त्यांची चिकाटी तर वादातीत आहे (वॉर्डन मॅडमही साक्ष देतील), पण वर्षभर रँक तिथल्या तिथे. तेच तेच पुन्हा करणं म्हणजे सराव, हे काही खरं नाही.

हे सगळं मी लिहितेय माझ्या रूममेटमुळे. तिला विचारूनच लिहितेय. एम-थ्री तिचा दोनदा राहिलाय, या वेळी राहिला तर वर्ष जाणार. घरी धाकटा भाऊ बारावीला, बाबांनी कर्ज काढलंय, ते सगळं मी इथे सांगत बसत नाही. ती आळशी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी रात्री २ वाजता आमच्या खोलीत डोकवावं. ती अभ्यास करतेच. पण दर वेळी पहिल्या युनिटपासून! डिफरन्शिअल इक्वेशन्स तिला झोपेत येतात. लाप्लास येईपर्यंत पेपरची आदली रात्र उजाडलेली असते, आणि मग सोडवलेले पेपर समोर ठेवून नुसते उतरवून काढायचे.

टेट्रिसवाले असं करत नाहीत. मुळात मुरलेले खेळाडू ० लेव्हलपासून सुरूच करत नाहीत, थेट १८ किंवा १९ पासून करतात. शिवाय सरावासाठी गेमची एक वेगळी आवृत्ती खेळाडूंनीच बनवून ठेवलीय, तिच्यात नेमकं जे जमत नाही तेवढंच घोटत बसता येतं. चूक झाली की त्याच क्षणी दिसते, कुणी हसत नाही, पुढचा डाव फुकट. आपल्याकडे चूक कळते सहा महिन्यांनी, तीही मार्कशीटवर, आणि पुढच्या डावाचा फॉर्म भरावा लागतो. (स्टाफरूममध्येही हा अंक जातो म्हणून जाता जाता एक विनंती: क्लास टेस्टचे पेपर तपासून दोन दिवसांत मिळाले तर फार बरं होईल, सर!)

म्हणून गेला महिनाभर आमच्या खोलीत पहिल्या युनिटला बंदी आहे. रोज रात्री मेसनंतर इन्व्हर्स लाप्लासची ५ गणितं, उत्तरं माझ्याकडे. एक सुटलं की लगेच तपासायचं. चुकलं तर कुठली पायरी घसरली तेवढंच बघायचं आणि तशाच प्रकारचं दुसरं घ्यायचं. पहिल्या आठवड्यात पाचपैकी एकही धड सुटलं नाही आणि ती वही फेकून रडली. मी गप्प बसले, काय बोलणार? पण दहाव्या दिवशी कळलं की लाप्लास तिला बऱ्यापैकी येतोच, घोळ आहे पार्शल फ्रॅक्शन्समध्ये, म्हणजे बारावीतल्या गणितात. दोनदा नापास होऊनही हे कुणाला कळलं नव्हतं, तिलासुद्धा. चार दिवस आम्ही तेवढंच केलं.

मागच्या टेस्टला तिला २० पैकी १३ मिळाले. त्याआधी ५ च्या पुढे गाडी गेली नव्हती. युनिव्हर्सिटीचा पेपर हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत होऊन गेलेला असेल, आज मात्र त्याला १९ दिवस आहेत. ती समोरच्या कॉटवर कन्व्होल्यूशनचं चौथं गणित घेऊन बसलीय आणि म्हणतेय, "लेख पुरे झाला बाई, आधी हे तपास."