पाना धरायला लाज कसली?

वर्षावास संपला. शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी पालघरच्या पाड्यांवर जायचं होतं आणि पावसाळाभर बोईसरला उभी असलेली आमची मोटारसायकल चोक ओढला की सुरू, सोडला की बंद.

तारापूर एमआयडीसीत पाळी करणाऱ्या शेजारच्या दादांनी पाना आमच्याच हातात दिला. "सर, तुम्हीच खोला."

कॉक बंद करून कार्ब्युरेटरची खालची वाटी सोडली. तळाला पाणी, वर कुबट वासाचं पेट्रोल. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं, त्यात किनाऱ्याची दमट हवा. पायलट जेटचं बारीक भोक चिकट थराने बुजलं होतं. तार घातली तर भोक मोठं होतं; म्हणून क्लीनर फवारून हवा मारली. नवं पेट्रोल भरलं. गाडी चोकशिवाय टिकली.

जात ही निव्वळ श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडलं. एमएला त्यावर आम्ही पानंच्या पानं लिहिली, आणि पाना धरायला लाजलो! पदवी मिळताच हातकाम हलकं वाटणं, हाही मनूचाच थर.

मित्रांनो, शिकलेल्यांचे हात काळे व्हावेत आणि काळ्या हातांची लेकरं एमए व्हावीत. दोन्ही एकदमच.

जय भीम!