फरशीखालची ओल

गेले तीन शनिवार इथे काहीच लिहिलं नाही. दोघातिघांनी विचारलं, "काय रे, संपलं का लिहायचं?" संपलं नाही मंडळी, गावाला होतो. गगनबावड्याला. नाकाला मास्क लावून, गुडघ्यावर बसून एका शेडची जमीन खरवडत होतो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत जेवढं वर्कशॉप केलं नाही तेवढं या तीन वीकेंडला झालं.

आयटीतल्या दर तिसऱ्या माणसाला सोमवारी सकाळी धंदा सुचतो. कुणाला कॅफे, कुणाला ऑरगॅनिक गूळ. मला कधीच सुचला नाही, मी नोकरीत सुखी प्राणी. धंदा सुचला तो माझ्या धाकट्या भावाला. तो मेकॅनिकलचा डिप्लोमा, शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर होता. एका शुक्रवारी त्यांच्याकडे पाच पोरं आली, घरघर करत दोन दिवस जमीन घासली, वर बादल्या ओतल्या, आणि मंगळवारी हा कामावर गेला तर खाली आरसा! तेलाचे डाग नाहीत, धूळ नाही, कडेने पिवळे पट्टे. मग त्याच्या हातात बिल आलं. त्या रात्रीचा फोन मला अजून आठवतो.

"दादा, ह्यात पैसा हाय बघ. लई पैसा हाय."

ज्यांना इपॉक्सी म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी: घरात कपाची कडी तुटल्यावर बाबा दोन ट्यूबमधलं काहीतरी काडीने कालवून लावायचे ना, ते अरल्डाईट? तेच. एका ट्यूबमध्ये रेझिन, दुसरीत हार्डनर. १९३०च्या दशकात पिएर कास्तां नावाचा एक स्विस केमिस्ट दातांच्या कामासाठी मटेरिअल शोधत होता, त्यातून हे निघालं. सीबा कंपनीने १९४६ साली ते अरल्डाईट या नावाने बाजारात आणलं. आता तेच ड्रमने येतं आणि जमिनीवर ओततात.

कोल्हापूर म्हणजे फौंड्री, हे सगळ्यांना माहीत आहे. पण फौंड्रीत हे चालत नाही, रसाचा एक थेंब पडला की जळून भोक. गिऱ्हाईक म्हणजे पुढचा टप्पा. कास्टिंग जिथे मशीनवर जातं ते सीएनसी शॉप, पॅकिंग, स्टोअर, क्वालिटीची खोली. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत, तिन्हीकडे अशी शॉप्स गल्लोगल्ली. त्यांचा माल मोठ्या गाडीवाल्या कंपन्यांना जातो, आणि त्या कंपन्यांचा माणूस ऑडिटला आला की पहिल्यांदा खाली बघतो. त्यामुळे दर ऑडिटच्या आधी कुणाला ना कुणाला जमीन चकचकीत हवी असते.

मग अस्मादिकांनी एक्सेल उघडलं. (एक्सेलमध्ये आजवर एकही धंदा बुडालेला नाही.) दोन मिलिमीटरच्या सेल्फ लेव्हलिंग कामाला आम्ही दर धरला ८० रुपये चौरस फूट, १८ टक्के जीएसटी वेगळा. त्यात मटेरिअल ४८. घासणं, मजुरी, टेम्पो, पोरांचं जेवण १४. राहतात १८. म्हणजे २००० फुटांच्या एका कामात ३६,००० रुपये, तेही चार दिवसांत! महिन्याला अशी चार कामं धरा... मी धरली. सेल खाली ओढत मार्चपर्यंत नेला. खाली जो आकडा आला तो बघून मला स्वतःचीच नोकरी सोडावीशी वाटली.

भांडवल असं जमलं. फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी साठवलेले ४ लाख मी दिले. आबांनी दोन म्हशी विकल्या. दर दहा दिवसांनी येणारं दूधबिल निम्म्यावर आलं, पण ते काही बोलले नाहीत. ग्राइंडर आला, धूळ ओढायचा व्हॅक्यूम आला, खिळ्यांचे रोलर आले, आणि खिळ्यांचे बूट. ओल्या इपॉक्सीवर ते घालून चालायचं, म्हणजे पावलांचे ठसे उमटत नाहीत. आई म्हणाली, "हे घालून कुठं निघालास, चंद्रावर?"

फेब्रुवारी ते मे चार कामं झाली, मिळून साडेसात हजार फूट. पहिल्या कामाला मी सुट्टी टाकून गेलो होतो. त्यातली गंमत सांगतो. रेझिन आणि हार्डनर एकत्र केले की घड्याळ सुरू, हातात अर्धा तास. बादलीत तसंच ठेवलं तर आतल्या आत तापतं, तापलं की आणखी जोरात धरतं, मग धूर. जमिनीवर पसरलं की उष्णता निघून जाते आणि सावकाश काम करता येतं. म्हणून कालवलं की लगेच ओतायचं, मध्ये थांबायचं नाही. एक पोरगं वडापाव खायला थांबलं. परत आलं तर बादलीचा दगड झालेला आणि त्यात ढवळणी उभी. आमच्या सोप्यात आता ती बसायला आहे.

सांगायचा मुद्दा हा की भावाला काम आलं. मला वाटायचं, ओतायला काय लागतं? पण ओतणं हा शेवटचा तास. आधीचे दोन दिवस नुसतं घासायचं, वरची कच्ची साय निघून खालचं खरं काँक्रीट उघडं पडेपर्यंत. तेलाचा डाग असेल तर तिथे खोल जायचं. भेगा भरायच्या, धूळ ओढायची, प्राइमर मारायचा. घासण्याची मजुरी वाचवून दर ६० ला आणणारे बाजारात आहेत. त्यांचं काम पहिल्या दिवशी आमच्याइतकंच चमकतं.

आणि मग जुलै आला.

ज्यांनी गगनबावड्याचा जुलै पाहिला नाही त्यांना काय सांगू. कोल्हापूर सोडलं, कळे गेलं, साळवण गेलं, असळजच्या पुढे वायपर काम करायचं सोडून देतो. जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस आमच्याच तालुक्यात. धुकं घरात येतं. काडीपेटी चुलीच्या वरच्या फळीवर ठेवावी लागते, नाहीतर पेटत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. म्हणजे पाऊस काय करतो हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आमच्याच रस्त्यावर एका गृहस्थांनी छोटं प्रक्रिया युनिट उभं केलं होतं. २००० फुटांची शेड, मेमध्ये टाकलेलं काँक्रीट. गणपतीआधी उद्घाटन करायचं होतं. निम्मे पैसे ॲडव्हान्स, ८०,००० रुपये. मी ऑफिसात म्यूटवर होतो तेव्हा भावाचा फोन आला.

"दादा, पाऊस लई हाय. काँक्रीट वल्लं वाटतंय. थांबू या म्हणू काय?"

माझ्यासमोर एक्सेल होतं. जुलै शून्य, ऑगस्ट शून्य, आणि चार पोरांचे पगार चालू. मी म्हणालो, "काँक्रीटला २८ दिवस होऊन गेलेत ना? शेडच्या आत आहे, पाऊस आत येतोय का? करून टाक."

शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला रिलीज करू नये म्हणून ऑफिसात ओरडणारा मी. तो मी हे बोललो.

दुसऱ्या दिवशी जमिनीवर पांढरट, चिकट थर आला. हार्डनरमधला अमाइन हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड धरतो, त्याने येतो तो. धुऊन काढला. आम्हाला वाटलं निभावलं. तीन आठवड्यांनी फोड आले. आधी हरभऱ्याएवढे, मग रुपयाएवढे. भावाने एक टोचला तर आतून पाणी उडालं. हो, उडालं! दाबाखाली होतं ते.

त्या आठवड्यात मी रात्रभर वाचत बसलो. २८ दिवस हा काँक्रीटच्या ताकदीचा आकडा आहे, वाळण्याचा नव्हे. वाळायला ढोबळ हिशेबाने इंचाला महिना लागतो, तोही चांगल्या हवेत. आणि जमिनीवरच्या स्लॅबखाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला नसेल तर तो कधीच पुरता वाळत नाही, खालून मातीतली ओल वर येतच राहते. उघड्या काँक्रीटमधून ती उडून जाते, कुणाला कळतही नाही. वर इपॉक्सीचं झाकण बसवलं की जाणार कुठे? दुसरं दवबिंदूचं. जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर हवं, नाहीतर डोळ्याला न दिसणारं पाणी धरतं. हवा २४ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के असेल तर दवबिंदू २३ च्या वर. म्हणजे जमीन २६ हवी. जुलैत, गगनबावड्यात? २६ अंश आम्हाला तापात चढतो तेवढाच.

शनिवारी घरी गेलो. माळ्यावर जागा नाही म्हणून भाताची पोती खाली सोप्यात. मी शहाणपणाने पोत्याखाली प्लास्टिक अंथरायला गेलो तर आई ओरडली. "आरं नुस्तं प्लास्टिक नको, खालनं वल धरतीया. फळ्या घाल." आणि कोपऱ्यात पडलेला एक प्लास्टिकचा तुकडा उचलून दाखवला. खालच्या बाजूला थेंब.

आता ऐका. अमेरिकन एएसटीएमची एक चाचणी आहे, डी ४२६३. साधारण दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन काँक्रीटवर ठेवायचा, चारी बाजू टेपने बंद करायच्या, १६ तासांनी उचलायचा. खाली थेंब किंवा काळसर डाग दिसला तर कोटिंग करायचं नाही. एवढीच चाचणी. वीस रुपये खर्च. मी ती आदल्या रात्री पीडीएफमध्ये वाचली होती, आणि आईच्या हातात तेच होतं. आमच्या घराला आज्जी असेपर्यंत शेणाने सारवलेली जमीन होती. पावसाळ्यात ती ओलसर व्हायची, उन्हं आली की वाळायची. कधी फोड आल्याचं आठवत नाही.

शेडचे मालक भांडले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "पोरांनो, नीट करून द्या, मग उरलेलं घ्या," एवढंच. उद्घाटन तशाच जमिनीवर झालं, सतरंज्या टाकून. पावसाळा संपून जमीन वाळेपर्यंत वाट बघितली आणि डिसेंबरात काम काढलं. सगळं खरवडायचं, ओल अडवणारा वेगळा प्राइमर, पुन्हा पहिल्यापासून. खर्च दीड लाख. आधीचा १,२४,००० धरून बिल १,६०,००० च. वजाबाकी तुम्हीच करा. चार कामांत जे मिळवलं होतं ते जवळजवळ सगळं या एका शेडमध्ये गेलं.

पण मला लागलं ते दुसरंच. पहिल्या शनिवारी खरवडून घरी आलो, हातपाय धुतले, आबा म्हणाले, "त्याला घाई नडली. तुला एक फोन केला असता तर तू थांबीवला असतास. तुझं ऐकतो त्यो." मी भावाकडे बघितलं. तो ताटात बघत होता. चार महिने त्याने घरात सांगितलं होतं की निर्णय त्याचा एकट्याचा होता. म्हशी गेलेल्या, पैसे गेलेले, गावात चर्चा, आणि हा गप्प.

मी सांगितलं. फोन केला होता आबा, मीच कर म्हणालो.

आबा थोडा वेळ जेवले. मग म्हणाले, "आजून किती फूट ऱ्हायलंय?"

"तेराशे," भाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आबा पण आले, फावडं घेऊन. सुटे झालेले पापुद्रे तेच भरत होते.

धंदा बंद केलेला नाही, उलट भावाने आता बरंच काही ठरवलंय. कोटेशनमध्ये पहिली ओळ ओलीच्या चाचणीची, आणि गिऱ्हाइकाने नको म्हटलं तर काम नको. जून ते सप्टेंबर घाटाकडची जमिनीवरची कामं घ्यायची नाहीत. त्या महिन्यांत काँक्रीट घासून पॉलिश करून द्यायचं. त्यावर झाकण नसतं, त्यामुळे ओल अडत नाही, आणि ग्राइंडर तोच चालतो. डेअरीसारख्या कायम ओल्या जागांना पीयू काँक्रीट लावतात, ते शिकायला तो जानेवारीत जाणार आहे. उन्हात पडणाऱ्या जागेला इपॉक्सी विचारलं की हा सरळ नाही म्हणतो, पिवळं पडतं. गेल्या महिन्यात दोन कामं त्याने अशी सोडली. मी एक्सेलमध्ये "सोडलेली कामं" असा कॉलम टाकलाय. तुमच्यापैकी कुणाला या धंद्यात उतरायचं असेल तर विचारा, आकडे देतो. फक्त ते एक्सेल मागू नका.

गेल्या रविवारी शेडमध्ये चार ठिकाणी प्लास्टिक चिकटवलं होतं. सोमवारी पहाटे पुण्याला निघायच्या आधी उचलून बघितलं. तीन कोरडी. मोरीकडच्या कोपऱ्यात मात्र बारीक थेंब होते, तिथे हात लावला नाही. बाकी सगळीकडे प्राइमर झाला. कोपऱ्यात दिवसभर पंखा लावून ठेवलाय, आणि काल भावाने तिथे प्लास्टिक परत चिकटवलंय. तो आज उचलून फोटो पाठवणार होता. अजून आलेला नाही.