दादांची फाईल

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमचे थोरले बंधू न्यू जर्सीत मुलीकडे गेले असता छातीत कळा येऊन त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. रात्री अकराला पुतणीचा फोन आला. "काका, इंदूरच्या डॉक्टरांचे सगळे कागद हवेत, आणि तेही फॅक्सने. इथे ई-मेल चालत नाही म्हणतात."

आम्हांला प्रथम नवलच वाटले. आपल्याकडची तारसेवा २०१३ सालीच इतिहासजमा झाली, आणि अमेरिकेत अजून फॅक्स! परंतु तेथील रुग्णालयांत व दवाखान्यांत तो आजही नित्याच्या वापरात आहे. एका रुग्णालयाची संगणकव्यवस्था दुसऱ्याच्या व्यवस्थेशी जुळेलच असे नाही. फॅक्स मात्र कोठेही पोहोचतो. जाता जाता सांगावयाचे तर हे यंत्र टेलिफोनहूनही वयाने वडील. अलेक्झांडर बेन नामक स्कॉटिश घड्याळजीने त्याचे पेटंट १८४३ साली घेतले. बेलसाहेबांचा टेलिफोन आला तो १८७६ साली.

दादांच्या घराची किल्ली आमच्याकडेच होती. ट्रंकेतून फाईल काढली आणि एकेक कागद लावू लागलो. रक्तदाब, साखर, हृदयाचे आलेख. आणि मध्येच एका मनोविकारतज्ज्ञांची सहा वर्षांची चिठ्ठीपत्रे. आम्ही जागीच खिळलो. निवृत्तीनंतर दादा अबोल झाले होते, ते आम्ही वयावर ढकलले होते.

ती पाने वगळावीत, असा मोह क्षणभर झाला, हे कबूल केले पाहिजे. पण मनाच्या विकारावरील काही औषधांचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो आणि गोळी तर चालूच होती. पुतणीला फोन दादांकडे देऊन बाहेर जाण्यास सांगितले. दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाठव. तुझ्या वहिनीलाही ठाऊक नाही रे. फक्त बाजारातून पाठवू नकोस."

बाजारातून म्हणजे राजवाड्यामागच्या गल्लीतून. तेथे आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे दुकान आहे. मुलगा सज्जन, परंतु त्याच्या संगणकाच्या पडद्यावर निम्म्या मोहल्ल्याची आधारकार्डे उघडी पडलेली आम्ही स्वतः पाहिली आहेत. तेव्हा घरूनच, इंटरनेटवरून फॅक्स करणारी एखादी कंपनी शोधणे आले.

फुकट सेवा प्रथम दिसल्या. त्यांतील एक पहिल्याच पानावर स्वतःची जाहिरात छापणार होती. आमची चौदा पाने पुढे किती दिवस तिच्याकडे राहतील, याविषयी अक्षर नव्हते. ती सोडली. पैसे घेणाऱ्या बहुतेकांनी 'लष्करी दर्जाची सुरक्षा' असे मोठ्या टाईपात लिहिले होते. आम्ही बारीक टाईप वाचीत रात्री दीडपर्यंत बसलो. एकीच्या नियमांप्रमाणे पाठवलेली पाने खाते असेपर्यंत तिच्या संगणकात राहणार होती. दुसरीत ती आपल्याला पुसता येत होती, खात्याला पासवर्डावर आणखी मोबाईलवरच्या आकड्याचा अडसर होता, आणि आरोग्याच्या माहितीसंबंधीच्या अमेरिकेच्या १९९६ सालच्या कायद्यान्वये रुग्णालयांशी लेखी करार करण्यास ती तयार होती. आम्ही काही रुग्णालय नव्हे; पण कायद्याच्या कागदावर सही करणारा निदान जबाबदारी ओळखतो, एवढ्या विचाराने तीच निवडली. वर्गणी एका महिन्याचीच भरली.

एक गोष्ट मात्र कोणतीच जाहिरात ठळकपणे सांगत नव्हती. आपल्या घरापासून कंपनीच्या संगणकापर्यंत कागद सांकेतिक रूपात जातो. तेथून पुढे साध्या फॅक्सयंत्रापर्यंतचा टप्पा जुन्या टेलिफोनचाच, आणि त्यावर सहसा तसे कुलूप नसते. शिवाय आकडा एक चुकला की कागद भलत्याच्याच टेबलावर! पुतणीने सांगितलेला क्रमांक आम्ही रुग्णालयाच्या मुख्य फोनवरून पडताळला, तर शेवटचे दोन आकडे उलटे निघाले. घाईत तिने तसे लिहून घेतले होते. यंत्र कोठे आहे, तेही विचारले. नोंदविभागाच्या बंद खोलीत, असे उत्तर मिळाले. तेथील बाईंना यंत्रापाशी थांबण्याची विनंती केली, आधी एक कोरे पान पाठवले, ते मिळाल्याचे त्यांच्या तोंडून ऐकले, आणि मगच फाईल सोडली. पाने पोहोचताच कंपनीच्या खात्यातली प्रत पुसली. दुसऱ्या दिवशी तेथील डॉक्टरांनी एक औषध बदलले.

एवढे करून आम्ही निश्चिंत झालो होतो. सायंकाळी स्वयंपाकघरात गेलो तो सौ. हाती टॅब घेऊन उभी होती. रोज ती त्यावर नातवाची छायाचित्रे पाहते. कागदांची छायाचित्रे आम्ही फोनवर काढली होती. टॅबला खाते तेच. पडद्यावर त्या तज्ज्ञांची चिठ्ठी होती, वर दादांचे पूर्ण नाव.

तिने टॅब ओट्यावर पालथा ठेवला आणि म्हणाली, "पाने घ्या, वाढते." छायाचित्रे आम्ही पुसली, पुसलेल्यांच्या कप्प्यातूनही काढली. तिने तो विषय अद्याप काढलेला नाही.

दादा दिवाळीपूर्वी परतले. फाईल आम्ही त्यांच्या हाती दिली. ट्रंकेकडे न जाता ते तशीच ती घेऊन वहिनींच्या खोलीत गेले.