आजाऱ्याच्या खाटेपाशी

नागपूर, 27 मे 2021

प्रिय बाळ,


काल बुद्ध पौर्णिमा झाली. करोनामुळे विहाराला कुलूपच होतं, त्रिसरण-पंचशील घरीच घेतलं. महिला मंडळाच्या बायकांनी खीरदानाचे पैसे शिध्याकडे वळवले आणि वस्तीतल्या आजारी घरांना डबे पोचवले. परवा तुझी ड्यूटीची वेळ झाली नि आपलं बोलणं अर्धं राहिलं. तू म्हणालीस, वॉर्डातून येऊन वंदनेला बसलं की स्वतःचाच राग येतो. माणसं खाटेसाठी, ऑक्सिजनसाठी तडफडत असताना डोळे मिटून श्वास बघत बसणं म्हणजे पळ काढणं वाटतं. तुझा प्रश्न खरा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला हगवण लागलेली. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. शिष्य आनंदाला बरोबर घेऊन निवासस्थानं पाहत फिरताना भगवान बुद्ध तिथे पोचले. तुझी शुश्रूषा करणारा कुणी नाही का, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझं काही करत नाहीत. हे उत्तर मला फार लागतं गं. आजही कितीतरी म्हातारी माणसं याच समजुतीने गप्प पडून राहतात. भगवानांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. भगवानांनी पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं. मग भगवानांनी डोक्याकडून, आनंदाने पायांकडून उचलून त्याला खाटेवर निजवलं. त्या वेळी त्याला उपदेश केल्याचा उल्लेख नाही. बोलले ते नंतर, आणि तेही निरोगी भिक्खूंना बोलावून: तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांना पाहणार नाही तर कोण पाहील? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते, त्याने आजाऱ्याची करावी.

पुढे त्याचा नियमच केला. गुरूने शिष्याचं करायचं, शिष्याने गुरूचं, आणि ज्याचं कुणीच नाही त्याची जबाबदारी सगळ्या संघाची. आजारी भिक्खू वारला तर त्याचं भिक्षापात्र आणि चीवर शुश्रूषा करणाऱ्यांना द्यायचं. त्यांत लहान सामणेर असला तरी वाटा सारखाच. सेवेची नुसती स्तुती करून ते थांबले नाहीत. कुणी करायची आणि करणाऱ्याला काय मिळायचं, हेही ठरवून दिलं. तुमच्या कंत्राटी मुलींचे पगार थकलेत असं तू सांगितलंस तेव्हा मला हेच आठवलं.

आजाऱ्याला पाहणाऱ्याचे पाच गुण तिथेच सांगितलेत. औषध तयार करता यावं, पथ्य-कुपथ्य कळावं, लाभासाठी न करता मैत्रीने करावं, मलमूत्र, थुंकी, वांती काढताना किळस नसावी, आणि वेळोवेळी धम्माचं बोलून रोग्याला धीर देता यावा. क्रम बघ. धम्माचं बोलणं पाचवं आहे, आधी हातांची कामं आहेत. तू वॉर्डात दिवसभर पहिली चार करतेस आणि घरी येऊन साधना झाली नाही म्हणून झुरतेस!

साधनेने ऑक्सिजन मिळत नाही. तिला औषध म्हणून खपवणाऱ्यांचा मलाही संताप येतो. विपश्यनेचे गोयंका गुरुजी 1955 साली रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते अर्धशिशीने बेजार होऊन. डोकेदुखीच घालवायची असेल तर येऊ नका, हेच त्यांना आधी ऐकावं लागलं. तू इगतपुरीला शिबिर केलंस ते लक्षात घेऊन हे लिहितेय.

सल्लसुत्तातले दोन बाण तुला ठाऊक आहेत. पहिला शरीराला लागतो. दुसरा मनाला, आपल्याच कुढण्याने. दुसरा चुकवायला साधना आहे, हे मला मान्य. पण खाट न मिळणं, गावाकडच्या दवाखान्यात डॉक्टरच नसणं, पोट हातावर असलेल्याचा रोजगार बुडणं, हे पहिले बाण आहेत आणि त्यांतले पुष्कळसे माणसांनीच सोडलेले आहेत. बाबासाहेबांनी आपल्याला त्यांच्याकडे बघायला शिकवलं. म्हातारा, रोगी, प्रेत बघून सिद्धार्थ गौतम घर सोडून गेले, हे त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मानलं नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने हे आधी कधीच पाहिलं नसेल कसं, असं त्यांनी सरळ विचारलं. त्यांनी पुढे आणला तो रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आणि युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध. म्हणून उपाशी माणसाला ‘मन शांत ठेव’ म्हणणं मला धम्मविरोधी वाटतं. शरीर आजारी असलं तरी मन आजारी पडू देऊ नकोस, हे भगवानांनी नकुलपित्याला सांगितलं खरं, पण तो म्हातारा आपल्या पायांनी विचारायला आला होता. खाटेवर धाप लागलेल्याला ते ऐकवायचं नसतं.

मग तू बसायचं कशासाठी? किळस, भीती आणि संताप रोज उसळतात, त्यांच्यामुळे हात आखडू नये यासाठी. पीपीई किट चढवल्यावर दाराशी दोन-चार श्वास नीट बघ. हात थरथरले तर थरथरताहेत एवढं जाण, आणि सलाईन लाव. घरी आल्यावर बसवत नसेल तर आडवी होऊन आनापान कर. झोप लागली तर लागू दे, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

आणि जे गेले, त्यांच्याविषयी. घरच्यांना तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही, जलदान विधी, पुण्यानुमोदन राहिलं, हे तुला खातंय, हे मला आवाजावरून कळलं. शेवटच्या घटकेला त्यांच्याजवळ तू होतीस. त्यांचं नाव घेऊन मैत्री कर. त्यांच्या घरच्यांनी फोन केला तर जे खरं ते सांग: पाणी मागितलं होतं का, कुणाचं नाव घेतलं होतं का. भन्तेजी म्हणाले, विहार उघडला की सगळ्यांसाठी मिळून परित्राण पाठ ठेवू. तू नावं कळव, पण घरच्यांना विचारून.

आणखी एक. ज्याची शुश्रूषा करणं कठीण जातं अशा रोग्याचे दोषही महावग्गात दिलेत. त्यांत एक असा, की हित बघणाऱ्यालासुद्धा तो आपलं दुखणं खरं सांगत नाही. तुला झोप नाही, छातीत धडधडतं, हे तू मला सांगितलंस. तुझ्या इन्चार्ज सिस्टरला सांगितलंस का? नसेल तर उद्या ड्यूटीवर जाताच सांग, आणि त्या काय म्हणाल्या ते रात्री मला कळव. ताईला मी अजून काही बोलले नाही.

तुझी,
मावशी