टॅब दाबला, पण पोचलो कुठं?

रिसोड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची वेबसाइट माझ्याकडे आली, ती सोयाबीन-तुरीचे भाव रोज टाकण्यापुरती. सभासदांत एक काका आहेत, काचबिंदूनं नजर अधू झालेले. त्यांना माउस न वापरता थेट भावाच्या तक्त्याकडे जायचं होतं. त्यासाठी ‘स्किप लिंक’ लागते, एवढं यूट्यूबवरून कळलं. शोधली, तर ती साइटवर आधीपासूनच होती! पडद्याबाहेर ढकललेली. स्क्रीन रीडरला सापडणारी, डोळ्यांना कधीच न दिसणारी.

मला वापरणारे दोनच ठाऊक: डोळस, आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून ऐकणारे. काका तिसरेच निघाले. ते बघतात, पण पडदा चौपट मोठा करून. म्हणजे एका वेळी डोळ्यांसमोर सोळावा हिस्सा. त्यात माउसचा बाण हरवतो, म्हणून ते टॅब दाबत पुढं सरकतात. आपण कुठल्या दुव्यावर आहोत हे त्याभोवतीच्या चौकटीवरून कळतं. आमच्या साइटवरून ती चौकट सीएसएसच्या एका ओळीनं पुसलेली होती, बहुधा कुणाला ती कुरूप वाटली म्हणून.

चौकट परत आणली, जाड आणि गडद. स्किप लिंक टॅब दाबताच ठळक दिसेल अशी केली. काकांनी एंटर दाबला. पान उडालं, काका मात्र जिथल्या तिथं.

“बाबू, भाव कुठी गेले? काहीच समजून नाही राह्यलं.”

मलाही समजत नव्हतं. मग उलगडलं की मोठं करणं दोन तऱ्हेचं असतं. कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबलं की ब्राउझर पान नव्यानं मांडतो. विंडोजचं बटण आणि अधिकचं चिन्ह दाबलं तर भिंग लागतं, आणि पानाला त्याचा पत्ताही नसतो. काका भिंगवाले. भिंग कीबोर्डच्या फोकसमागं, म्हणजे त्या चौकटीमागं, जातं. आमची लिंक पान सरकवत होती, फोकस हलवत नव्हती. भावाच्या मथळ्याला टॅबइंडेक्स उणे एक देऊन फोकस तिथं नेला, तेव्हा भिंगही तिकडं गेलं. तरी मथळा वरच्या चिकटून राहणाऱ्या पट्टीखाली दडलेलाच! शेवटी पट्टी चिकटवणंच बंद केलं. लोगो सतत दिसला नाही म्हणून तुरीचा भाव काही पडत नाही.

हे सगळं डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या जागतिक नियमावलीत लिहिलेलं आहे, पण हप्त्याहप्त्यानं. स्किप लिंक आणि दिसणारा फोकस 2008 च्या आवृत्तीत, फोकस पट्टीखाली पूर्ण झाकला जाऊ नये हे थेट 2023 च्या. सरकारी संकेतस्थळांसाठीची आपली जीआयजीडब्ल्यू मार्गदर्शक तत्त्वंही याच नियमावलीला धरून आहेत. नवख्यानं कुठून सुरुवात करावी, हे मात्र कुणी सांगत नाही.

मध्येच मला हुशारी सुचली: ‘बी’ दाबला की भाव. पण कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर असला की त्याच बटणातून ‘व’ येतो आणि साइट ढिम्म राहते. इंग्रजीत ठेवला तर एनव्हीडीए ‘बी’ स्वतःकडे घेतो, पुढच्या बटणावर जायला. शिवाय अशा एकअक्षरी शॉर्टकटला तो बंद करायची किंवा बदलायची सोय हवी, असंही नियम म्हणतो. सोडून दिलं. त्याऐवजी पानाच्या माथ्यावर तीन दुवे ठेवले, मोठ्या अक्षरात, सगळ्यांनाच दिसणारे: आजचे भाव, नोंदणी, संपर्क. लपवलेल्या कळेपेक्षा मला तेच बरं वाटतं.

आता अडलंय ते तक्त्यावर. तो आडवा इतका लांब की भिंगातून मालाचं नाव दिसतं तेव्हा भाव दिसत नाही. पान मोठं केल्यावर आडवं सरकवावं लागू नये, या नियमातून तक्त्यांना सूट आहे. काकांनी ती दिलेली नाही. म्हणून सध्या प्रत्येक मालाच्या नावाखालीच त्याचा भाव अशी उभी मांडणी करून बघतोय.